धडा शिकवायचा होता, कागद लावत बसले

क्लच गेला होता हे खरं होतं. इथूनच सुरुवात करते कारण नंतर चिडून चिडून ज्याला त्याला गोष्ट सांगताना मी "गाडीला काही झालंच नव्हतं, उगाच उघडली मेल्याने" असं सांगायला लागले होते आणि ते खोटं होतं. चढावर गाडी ओढत नव्हती, ॲक्सिलरेटर दाबला की आरपीएमचा काटा झपकन वर जायचा पण स्पीड तिथेच, आणि खाली उतरलं की जळका वास. गाडीतलं थोडंफार कळणारा कोणीही सांगेल, क्लच स्लिप होतोय, म्हणजे घसरतोय, इंजिनचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. गॅरेजवाल्यानेही तेच सांगितलं. म्हणजे त्याचं निदान बरोबर होतं, पुढचं बिल खोटं होतं, आणि या दोन गोष्टी वेगळ्या करायला मला दोन वकील लागले.

तर तो म्हणाला, "मॅडम पूर्ण क्लच सेट टाकायला लागेल." सेट म्हणजे तीन वस्तू, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग. गिअरबॉक्स खाली उतरवल्याशिवाय यातलं काहीच दिसत नाही, सगळी मेहनत त्या उतरवण्या-चढवण्यातच असते, म्हणून तिन्ही एकदमच बदलून टाकतात, यात काही गैर नाही. मी हो म्हटलं. फोनवर. लेखी एस्टिमेट नाही, व्हॉट्सॲपवर साधी एक ओळ नाही. तिसऱ्या दिवशी गाडी आणायला गेले, पूर्ण पैसे दिले, जॉबकार्डवर त्याने जिथे बोट ठेवलं तिथे सही केली आणि जाता जाता विचारलं जुने पार्ट कुठायत, तर "भंगारात गेले, पोरगा सकाळीच घेऊन गेला". बरं म्हटलं. तेलकट लोखंड घरी नेऊन मी काय करणार होते.

दीड हजार किलोमीटरच्या आत परत तोच काटा आणि तोच वास.

फोन केला तर आधी "बघतो", मग "आणा कधीतरी", मग "तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता का, बऱ्याच लेडीजना सवय असते", आणि शेवटी "साहेबांना फोन द्या ना, त्यांना समजावतो". हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. तिथपर्यंत मी फक्त वैतागले होते, त्यानंतर मात्र मी ठरवलं की या माणसाला सोडायचं नाही.

आता सोडायचं नाही म्हणजे नक्की काय करायचं हे काही माहीत नव्हतं. नात्यातल्या एकांच्या ओळखीचे वकील होते, त्यांना फोन केला, ते म्हणाले सरळ पोलिसात फसवणुकीची तक्रार टाका, बघा कसा पळत येतो. मलाही तेच ऐकायचं होतं. गेले. तिथे ज्यांनी ऐकून घेतलं ते गृहस्थ तसे सभ्य होते, पूर्ण ऐकलं, बिल बघितलं आणि म्हणाले, ताई हे दिवाणी आहे, आमच्याकडचं नाही. मला त्या वेळी वाटलं टाळतायत. (टाळतही असतील थोडे.) पण मुद्दा बरोबर होता हे नंतर कळलं. गुन्हेगारी अर्थाने फसवणूक म्हणजे त्या माणसाच्या मनात पहिल्यापासून लबाडी होती हे दाखवायला लागतं, आणि तेही असं की शंकेला जागा उरू नये. भारतात १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, त्याआधी ज्याला आपण सगळे चारसोबीस म्हणायचो ते. आकडा बदलला तरी गाभा तोच, आधीपासूनचा अप्रामाणिक हेतू. काम वाईट केलं, उशिरा केलं, अर्धवट केलं, एवढ्याने तो गुन्हा होत नाही. दुसऱ्याच्या मनात काय होतं हे मी कुठून आणणार होते, माझ्याकडे एक बिल आणि एक वास एवढंच होतं.

मग दुसऱ्या वकील मॅडम. या एका मैत्रिणीने सुचवल्या, ग्राहक तक्रारींचंच काम करतात, आणि पहिल्या फोनवरच म्हणाल्या की पहिली भेट अर्ध्या तासाची, त्याची फी ही एवढी, पुढे घ्यायची की नाही ते दोघींनी नंतर ठरवू. हे मला आवडलं. मी फाइल घेऊन गेले, फाइल म्हणजे काय तर बिल, गाडीचे फोटो आणि माझ्या मनातलं भाषण. भाषण सुरू केलं. तीन-चार मिनिटांनी त्यांनी थांबवलं आणि विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय?"

मी म्हटलं, त्याला धडा शिकवायचाय.

"धडा मागण्यांमध्ये लिहिता येत नाही. पैसे लिहिता येतात, काम परत करून मागता येतं, भरपाई मागता येते. यातलं काय?"

खरं सांगते, मी इतके दिवस या माणसावर रागवत होते पण हे एकदाही ठरवलं नव्हतं. काम परत करून घ्यायचं म्हणजे गाडी परत त्याच्याच हातात द्यायची, ते नकोच. मग पैसे. किती? सगळे? तर त्यांनी बिल उलटं फिरवून माझ्यासमोर ठेवलं आणि एकेका ओळीवर पेन ठेवून विचारायला लागल्या, ही प्लेट नवीन टाकली का, माहीत नाही, बेअरिंग टाकलं का, माहीत नाही, प्रेशर प्लेट, माहीत नाही. "मग तुम्हाला फसवलं हे कशावरून म्हणताय?" गाडी परत बिघडली यावरून. "परत बिघडणं ही शंका आहे, पुरावा नाही. तो म्हणेल तुम्ही क्लचवर पाय ठेवून चालवता." मी म्हटलं तो तेच म्हणतोय! तर त्या हसल्या, "सगळे तेच म्हणतात, तयार उत्तर असतं ते."

त्या अर्ध्या तासात त्यांनी माझ्या तक्रारीचा तीन चतुर्थांश भाग कापून टाकला. तो उद्धट बोलला, कापा. लेडीज म्हणाला, वाईट आहे पण कापा. गाडी एक दिवस उशिरा दिली, कापा. राहिलं एकच, बिलात लिहिलेल्या तीन वस्तूंपैकी एक जरी बदललेली नसेल तर ते दाखवा, बाकी काहीही सिद्ध करायची गरज नाही. त्याच्या मनात काय होतं ते जाऊ दे, पैसे घेतले आणि वस्तू टाकली नाही एवढं पुरे. याला ग्राहक कायद्यात सेवेतील त्रुटी म्हणतात आणि तिथे शंकेला जागाच नको अशी कडक अट नसते, कोणाची बाजू जास्त पटण्यासारखी आहे एवढं बघतात. चोर ठरवायला गेलं की ओझं आपल्यावर, आणि काम नीट केलं नाही एवढंच म्हटलं की अर्धं ओझं उतरतं. मला हे आधी फार मिळमिळीत वाटलं होतं. आज विचाराल तर मी सगळ्यांना पहिलं हेच सांगते.

आता पुरावा कसा काढायचा. मी म्हटलं दुसऱ्या मेकॅनिककडे जाते, गिअरबॉक्स उतरवते, बघते. मॅडम म्हणाल्या थांबा, ही सगळ्यात मोठी चूक असते. तुम्ही एकट्या जाऊन उघडलंत की पहिला गॅरेजवाला म्हणणार, आम्ही नवीनच टाकला होता, यांनी दुसरीकडे जाऊन बदलला आणि जुना आमच्या नावावर दाखवतायत. आणि त्याला खोटं पाडायला तुमच्याकडे काहीच नसणार, कारण पुरावा उघडतानाच पुरावा मोडतो. म्हणून आधी त्याला लेखी कळवा की अमुक तारखेला, अमुक वेळी, अमुक ठिकाणी गाडी उघडणार आहोत, तुम्ही या किंवा तुमचा माणूस पाठवा. ईमेलने आणि पोस्टानेही. आला तर उत्तम, नाही आला तर त्याहून उत्तम.

तो नाही आला.

दुसरा मेकॅनिक मिळवणं हेच एक प्रकरण होतं, त्यावर वेगळं लिहिता येईल. तिघांनी नाही म्हटलं. गाडी बघायला तयार, पण "लिहून देणार नाही मॅडम, आम्हाला याच लाइनमध्ये राहायचंय". चौथे काका जरा वयस्कर होते, म्हणाले मी कोण चांगला कोण वाईट लिहिणार नाही, डोळ्यांना जे दिसेल ते लिहीन. मॅडमना हे सांगितलं तर त्या खूश, म्हणाल्या तज्ज्ञाने असंच लिहायला पाहिजे, "फसवलंय" असं लिहिणारा तज्ज्ञ उलटतपासणीत टिकत नाही.

व्हिडिओ काढायचा तर सलग, मध्ये बंद करायचा नाही. आधी नंबर प्लेट, मग चॅसी नंबर, मग ओडोमीटर, मग गाडी वर. माझ्या भाच्याने दोन तास तो फोन धरला, हात दुखला म्हणून डावा-उजवा करत होता, त्यामुळे व्हिडिओत मधूनच छत दिसतं. गिअरबॉक्स खाली आला. क्लच प्लेट नवीन होती, म्हणजे अगदी नवीन नाही पण दीड हजार किलोमीटरची. बेअरिंग पण नवीन. आणि प्रेशर प्लेट बघून काकांनी नुसतं "हं" केलं. तिच्या तोंडावर निळसर डाग होते, जास्त तापल्यावर पडतात तसे, आणि खाचा. मी उड्या मारायच्या बाकी होते. बघा बघा जुनी आहे!

काका म्हणाले डागावर जाऊ नका. क्लच स्लिप झाला की नवीन प्लेटसुद्धा तापून निळी पडते, दीड हजार किलोमीटर पुष्कळ झाले त्याला. म्हणजे गॅरेजवाला म्हणू शकतो, नवीन होती, तुम्हीच जाळलीत. मग त्यांनी फडक्याने कव्हर पुसलं आणि तिथे ठोकलेला पार्ट नंबर आणि त्याखालचा कोड दाखवला. म्हणाले याचा क्लोजअप घ्या, स्केल शेजारी ठेवून घ्या, आणि हा कोड कधीचा ते बनवणाऱ्या कंपनीला विचारा, मला विचारू नका, मी सांगितलं तर ते माझं मत होईल.

कंपनीला ईमेल केला, दोनदा आठवण केली, आणि अकराव्या दिवशी दोन ओळींचं उत्तर आलं की सदर बॅच अमुक वर्षातली आहे. ते वर्ष म्हणजे माझी गाडी फॅक्टरीतून बाहेर पडली ते. नऊ वर्षांपूर्वीचं. आता दुकानात कोणाकडे नऊ वर्षांचा जुना माल पडून असतो आणि तो नेमका माझ्याच गाडीत बसतो, असं म्हणायचं असेल तर त्याने म्हणावं. त्या दोन ओळी माझ्या सगळ्या भाषणापेक्षा भारी ठरल्या. आणि क्लच परत का गेला तेही त्यातच होतं. प्रेशर प्लेटमधली ती पसरट स्प्रिंग वर्षानुवर्षं दाबून दाबून ढिली होते, नव्या प्लेटला ती पुरेशी आवळून धरत नाही, मग प्लेट घसरते, घासते, तापते. म्हणजे माझा पाय नव्हता हो तो.

या पुराव्यावरून एक जुनी गोष्ट आठवते, मी नंतर वाचली. १९९२ साली अमेरिकेत सीअर्स या मोठ्या साखळीच्या ऑटो सेंटर्सवर कॅलिफोर्नियाच्या वाहनदुरुस्ती खात्याने गरज नसलेली कामं विकल्याचे आरोप केले होते. तिथले अधिकारी साधे ग्राहक बनून गाड्या घेऊन गेले होते, आणि त्या गाड्यांना ब्रेक झिजलेत, बाकी सगळं ठणठणीत आहे हे आधीच तपासून ठेवलेलं होतं. म्हणजे गॅरेजमध्ये जाण्याआधीची स्थिती त्यांच्याकडे कागदावर होती. आपल्याकडे ती कधीच नसते, आपण गाडी देतो तेव्हा आपल्याला फक्त आवाज माहीत असतो. त्या प्रकरणात कर्मचाऱ्यांना कमिशन आणि टार्गेट होतं हेही पुढे आलं, म्हणजे काउंटरवरचा माणूस जन्मजात लबाड असायलाच पाहिजे असं नाही, जितके पार्ट विकले तितका त्याचा पगार. तेव्हापासून मी कुठेही गेले की आधी फोटो काढते, इंजिनचा दिवा लागला असेल तर मेकॅनिकच्या स्कॅनरवर आलेल्या बिघाडाच्या कोडचाही, कारण मेकॅनिकने कोड क्लिअर केला की बिघाडाच्या क्षणी साठवलेली माहितीही पुसली जाते.

बरं, नोटीस. मी चार पानी मसुदा लिहून नेला होता आणि मला तो फार आवडला होता, "विश्वासाचा खून" वगैरे शब्द होते त्यात. मॅडमनी एक पान ठेवलं. या तारखेला गाडी दिली, या नंबरच्या बिलात या तीन वस्तूंचे पैसे घेतले, या तारखेला तुम्हाला कळवून तपासणी केली, यातली ही वस्तू मूळचीच निघाली, सोबत अहवाल आणि कंपनीचं पत्र, पंधरा दिवसांत एवढी रक्कम द्या, नाहीतर ग्राहक आयोगात जाऊ. संपलं. एकही विशेषण नाही. वाचताना मला स्वतःलाच वाटलं की ही बाई रागावलेली नाहीये, आणि त्यामुळेच जरा भीती वाटते.

आणि एक, मी आधीच एक रिव्ह्यू टाकून बसले होते, एक स्टार आणि "चोर आहेत". तो त्यांनी त्याच दिवशी बदलायला लावला. चोर हा शब्द सिद्ध करता आला नाही तर तो उलटा बदनामीचा दावा लावू शकतो, आणि "पैसे दे नाहीतर रिव्ह्यू टाकते" असं मेसेजवर लिहिलं तर धमकी देऊन पैसे मागितले असं रंगवता येतं. काय झालं ते तारखेनिशी लिहा, लोक काय समजायचं ते समजतात. मी मुकाट्याने बदलला. (एक स्टार तसाच ठेवला, तो माझा हक्क आहे.)

आता हे वाचणारे कुठल्या कुठल्या देशात बसलेले असता म्हणून थोडं सगळीकडचं सांगते, कारण बहिणीच्या मुलाशी आणि दोन-तीन मैत्रिणींशी बोलल्यावर कळलं की सांगाडा सगळीकडे सारखाच आहे, नावं वेगळी. भारतात असाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, तो २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यातली मला सगळ्यात कामाची वाटलेली गोष्ट म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी करता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते, गॅरेजच्या गावाला हेलपाटे नाहीत. दुरुस्तीसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि गाडीच्या दुरुस्तीत यापुढे कोण जातंय. मुदत २ वर्षं. वकील लावायलाच पाहिजे असं नाही, स्वतः उभं राहता येतं. गॅरेजला नोटीस मिळाल्यापासून उत्तराला ३० दिवस, जास्तीत जास्त आणखी १५, आणि मार्च २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींच्या खंडपीठाने स्पष्ट केलंय की त्यापुढे एक दिवसही वाढवून मिळत नाही. कायद्यात निकाल ३ महिन्यांत, वस्तूची तपासणी लागली तर ५ महिन्यांत असं लिहिलंय, पण लिहिलंय एवढंच समजा, प्रत्यक्षात वेळ लागतो. आयोगात जाण्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (फोन नंबर १९१५) तक्रार नोंदवता येते, ते आदेश देऊ शकत नाहीत पण समोरच्याला कळवतात, कधी कधी तेवढ्यावरही सुटतं. बिल द्यायलाच नकार दिला तर तीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, त्याचीही तक्रार होते. टॅक्सी चालवून स्वतःचं पोट भरणारा माणूस ग्राहक धरला जातो, पण कंपनीच्या धंद्याच्या गाड्या असतील तर अडचण येते.

आणि फुकट वकील, हे मला कोणी आधी सांगितलं नाही म्हणून मुद्दाम लिहिते. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार भारतात महिलांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातींना, अपंगांना आणि आणखी काही जणांना मोफत कायदेशीर मदत मिळते, त्यात उत्पन्न किती ते बघत नाहीत. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, ती राज्याप्रमाणे. हेल्पलाइन १५१००. मला वाटत होतं हे फक्त अगदी गरिबांसाठी असतं, आणि मी फी भरून बसले होते. मॅडमची फी वसूल झाली म्हणून तक्रार नाही, पण माहीत असतं तर विचारलं नक्की असतं.

इंग्लंडमध्ये ग्राहक हक्क कायदा २०१५ आहे, त्यात काम वाजवी काळजीने आणि कौशल्याने केलं पाहिजे असं आहे, नसेल तर आधी परत नीट करून द्या, ते जमत नसेल तर पैसे कमी करा. तिथे छोट्या दाव्यांमध्ये जिंकलात तरी वकिलाचा खर्च बहुतेक परत मिळत नाही म्हणून लोक सरळ स्वतःच उभे राहतात. कॅलिफोर्नियात कामाआधी लेखी एस्टिमेट द्यावं लागतं, त्याच्यावर जायचं तर आधी विचारावं लागतं, आणि काम देतानाच सांगितलं तर काढलेले पार्ट परत द्यावे लागतात. हे वाचलं तेव्हा तो भंगारवाला पोरगा आठवला. ऑस्ट्रेलियात २०११ पासूनच्या ग्राहक कायद्यातही काळजी-कौशल्याची हमी आहेच. म्हणजे फिरून फिरून तेच, काय ठरलं होतं, काय केलं, आणि दोन्ही कशावरून.

गाडी अजून गॅरेजमध्येच असेल आणि तो म्हणत असेल की पैसे द्या तरच चावी, तर जरा वेगळं आहे. तिथे खेचाखेची करू नका. भारतात १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० त्याला तो हक्क देतं, ज्या वस्तूवर मेहनत केली ती त्या मेहनतीचे पैसे मिळेपर्यंत ठेवून घ्यायचा. इतर देशांतही असंच काहीतरी आहे. पण तो हक्क त्याच कामापुरता, मागच्या वर्षीच्या उधारीसाठी आजची गाडी अडवता येत नाही, आणि गाडी एकदा हातातून सोडली की तो हक्क गेला. मॅडमचं म्हणणं, गाडीची गरज असेल तर पैसे भरा पण बिलावरच लिहा की हरकत ठेवून भरतेय, फोटो काढा, आणि भांडण नंतर कागदावर. मी तर हसत हसत भरले होते आणि वर जॉबकार्डवर "काम समाधानकारक" या ओळीखाली सही. त्या सहीचं पुढे काय झालं? त्याच्या वकिलाने उत्तरात पहिली तीच लावली. मॅडमनी उत्तर दिलं की गिअरबॉक्सच्या आतली वस्तू सही करताना कोणाला दिसते. पण सही नसती तर ते एक पान लिहावंच लागलं नसतं.

हो, त्याने वकील लावला. तेव्हाच मॅडम म्हणाल्या, आता हा मिटवणार, वकिलाची फी आणि आपली रक्कम तो शेजारी शेजारी ठेवून बघणार. मला नव्हतं मिटवायचं. मला तो समोर उभा राहिलेला बघायचा होता, "साहेबांना फोन द्या" म्हणणारा. यावर आमचं थोडं वाजलंही. त्या म्हणाल्या तुम्ही म्हणाल तर उद्या तक्रार दाखल करते, केस चांगली आहे, पण तारखांना तुम्हाला यायचंय, मला नाही वाईट वाटणार, माझं कामच आहे ते. दोन दिवस विचार केला. दुसऱ्या दिवशी रात्री माझ्या लक्षात आलं की मी गेले तीन महिने जेवताना, गाडी चालवताना, झोपताना त्या माणसाशी मनातल्या मनात बोलतेय आणि तो बहुतेक मजेत झोपलाय.

मिटवलं. प्रेशर प्लेटचे आणि बेअरिंगसकट बाकी सामानाचे पूर्ण पैसे, मजुरीतली अर्धी, काकांच्या तपासणीचा खर्च. मनस्तापाचे शून्य. दोन हप्त्यांत. समझोत्याच्या कागदावर त्याने चूक मान्य केली असं कुठेही नाही, "वाद मिटवण्यासाठी" असं आहे, आणि ते वाक्य वाचून माझा घसा आवळला होता, पण मॅडम म्हणाल्या याच्याशिवाय कोणी सही करत नाही. पैसे आल्याशिवाय रिव्ह्यू काढायचा नाही, "पूर्ण आणि अंतिम रक्कम मिळाली" असं लिहून द्यायचं ते दुसरा हप्ता खात्यात दिसल्यावरच, हे दोन मुद्दे त्यांनी घालून घेतले. आणि त्याच्या वकिलाने एक मुद्दा घातला, जुनी प्रेशर प्लेट परत द्यायची.

ती तोपर्यंत माझ्या डिकीत होती, पेपरमध्ये गुंडाळून, वर पिशवी. दुसरा हप्ता आला त्याच्या दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. तो नव्हता, की आतच होता माहीत नाही. एक नवीन मुलगा होता, हात पुसत पुढे आला. मी पिशवी दिली, म्हटलं ही दादांना द्या, त्यांना माहितीये. पावतीवर सही घेतली, आता सवय लागलीये. त्याने पेपर उघडून बघितलं, प्लेट उलटीपालटी केली आणि म्हणाला, "मॅडम ही गेलेली आहे हो, नवीन टाकायला लागेल. टाकू का?"